एक खुर्ची, दोन तिकिटं: समांतर प्रणाली कोडच्या आधी तपासायची कशी

रविवार, दुपारी चारचा प्रयोग. तिसरी घंटा झाली आणि ई रांगेतल्या ११ नंबरच्या खुर्चीपाशी दोन माणसं उभी राहिली. दोघांच्या मोबाइलवर तिकीट, दोघांच्या खात्यातून पैसे गेलेले, आणि दोन्ही तिकिटं आमच्याच सिस्टिमने फाडलेली. खिडकीवरच्या काकांनी आतून प्लास्टिकची खुर्ची आणून रांगेच्या टोकाला टाकली, एका गृहस्थांची कशीबशी समजूत घातली आणि मध्यंतरात मला फोन केला. "प्लॅनवर पेन्सिलने फुली मारायचो ना, तेव्हा असलं कधी झालं नाही हो."

नाट्यगृह मुंबईच्या उपनगरातलं. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हतीच. बुकिंगचं सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं.

पुढचे तीन आठवडे मी लॉग वाचण्यात घालवले. एकाच खुर्चीवर एका वेळी दोनशे खोटी गिऱ्हाइकं सोडणारी टेस्ट लिहिली, रात्रभर चालवली. बग काही दिसला नाही. कोडमध्ये तपासणी होती, ती मी स्वतःच्या डोळ्यांनी दहादा वाचली होती. शेवटी ज्या वाटेने तो सापडला ती वाट म्हणजे हा लेख. विषयाचं भारदस्त नाव फॉर्मल स्पेसिफिकेशन आणि व्हेरिफिकेशन, म्हणजे सिस्टिमने काय करायचं ते गणिताच्या भाषेत लिहायचं आणि यंत्राकडून तपासून घ्यायचं. नावाला घाबरू नका, बारावीतली संचांची भाषा आठवत असेल तर पुरे.

टेस्ट का पुरत नाही

काकांच्या प्लॅनचं, म्हणजे खुर्च्यांच्या कागदी नकाशाचं, मर्म आधी बघू. एक कागद, एक पेन्सिल, एक माणूस. खिडकीसमोर पन्नास जण असले तरी फुली एका वेळी एकच पडते. बुकिंग ऑनलाइन गेलं की कागद तोच राहतो, पेन्सिली मात्र शंभर होतात. दोन कामं एकाच वेळी चालली आहेत आणि प्रत्येकात ३ पायऱ्या आहेत असं धरा. त्या पायऱ्या एकमेकींत २० प्रकारे मिसळू शकतात. तीन कामं असतील तर १,६८०. चार असतील तर ३,६९,६००. तुमची टेस्ट यातले काही क्रम चालवते, आणि तेही बहुधा तेच ते, कारण तुमच्या लॅपटॉपवर नेटवर्क कधी अडखळत नाही. उरलेले क्रम रविवारी चार वाजता गिऱ्हाइकं चालवून दाखवतात.

ही अडचण जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राने १९६५ मध्येच परस्पर वगळण्याचा प्रश्न, म्हणजे 'एका वेळी एकच आत', नीट मांडला. १९७७ मध्ये अमीर पनुएली यांनी 'नेहमी' आणि 'कधीतरी' या शब्दांचं तर्कशास्त्र प्रोग्रामना लावलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला क्लार्क आणि इमर्सन यांनी अमेरिकेत, तर सिफाकिस यांनी फ्रान्समध्ये यंत्राकडून सगळ्या अवस्था तपासून घेण्याची पद्धत काढली. तिलाच मॉडेल चेकिंग म्हणतात, आणि त्यासाठी तिघांना २००७ चा ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला सर्वोच्च, मिळाला. लेस्ली लॅम्पोर्ट यांना तो २०१३ चा मिळाला. त्यांची टीएलए प्लस ही भाषा मी खाली वापरली आहे. इतिहास इथेच थांबवतो.

तयारी

टीएलए प्लस आणि तिचा तपासनीस टीएलसी, दोन्ही फुकट मिळतात. मशीनवर जावा लागतं. व्हीएस कोडचं एक्स्टेन्शन टाकलं की संपादन आणि तपासणी एकाच जागी होते. साधा लॅपटॉप पुरतो. खरी सामग्री म्हणजे एक कोरा कागद आणि बिझनेसचे नियम माहीत असलेला एक माणूस. माझ्या बाबतीत ते खिडकीवरचे काका.

खाली नियम मराठीत लिहिले आहेत ते वाचायला सोपं जावं म्हणून. खऱ्या फाइलीत नावं रोमन लिपीत द्यावी लागतात.

पायरी १: गोष्ट सांगा, आणि दोन याद्या करा

आमची गोष्ट अशी. प्रेक्षक खुर्ची निवडतो. खुर्ची त्याच्यासाठी ८ मिनिटं धरून ठेवली जाते. तो यूपीआयने पैसे पाठवतो. पैसे मिळाल्याचा निरोप पेमेंट कंपनीकडून आमच्या सर्व्हरला येतो. निरोप आला की तिकीट. ८ मिनिटांत काही झालं नाही तर खुर्ची पुन्हा मोकळी.

आता याद्या. पहिली, जे कधीच घडू नये त्याची: एका खुर्चीची दोन तिकिटं. दुसरी, जे कधीतरी घडलंच पाहिजे त्याची: ज्याचे पैसे गेले त्याला तिकीट तरी मिळावं, नाहीतर पैसे तरी परत. पहिल्या यादीला सेफ्टी म्हणतात, दुसरीला लाइव्हनेस. दोन्ही याद्या हव्यातच. नुसती सेफ्टी सांभाळायची असेल तर खिडकी बंद ठेवा, एकही चूक होणार नाही.

दुसरी यादी करताना काकांनी विचारलं, "पैसे गेले पण तुम्हाला कळलंच नाही, तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. टीएलए प्लसची एकही ओळ लिहायच्या आधी पहिला दोष सापडला.

पायरी २: छाटा

नवशिके इथे अडखळतात. तिकिटाचे दर, सवलत, बाल्कनी, रांगांची नावं, एसएमएस हे सगळं फेका. मी ठेवलं ते एवढंच: एक खुर्ची आणि दोन प्रेक्षक, नाना आणि काकू. दोन तिकिटांचं भांडण लागायला एक खुर्ची पुरते.

८ मिनिटंही फेकली. मॉडेलमध्ये, म्हणजे या छाटलेल्या गोष्टीत, घड्याळ नाही. तिथे मी लिहिलं, 'खुर्ची धरलेली असेल तर मुदत कधीही संपू शकते'. सुरुवातीला हे खटकतं. पण तपासनिसाला 'कधीही' दिलं की तो प्रत्येक क्षणी संपवून बघतो: पैसे पाठवण्याआधी, पाठवल्यावर, निरोप वाटेत असताना. ८ मिनिटं ही भरवशाची गोष्ट आहे असं मनात धरून बसल्यामुळेच माणसाकडून बग सुटतो.

पायरी ३: अवस्था आणि क्रिया लिहा

एका क्षणी सिस्टिमचा फोटो काढला तर त्यात काय काय दिसेल? ती अवस्था.

```
खुर्ची : मोकळी / धरलेली / विकलेली
धारक : नाना / काकू / कोणी नाही
पैसे[प] : नाही / वाटेत / जमा / परत
तिकिटं : ज्यांना तिकीट मिळालं त्यांचा संच
```

मग क्रिया. प्रत्येक क्रियेत आधी अट, मग बदल. 'प' म्हणजे कोणताही प्रेक्षक.

```
धर(प):
   अट   खुर्ची = मोकळी
   बदल  खुर्ची → धरलेली, धारक → प

पाठव(प):
   अट   खुर्ची = धरलेली, धारक = प, पैसे[प] = नाही
   बदल  पैसे[प] → वाटेत

मुदत:
   अट   खुर्ची = धरलेली
   बदल  खुर्ची → मोकळी, धारक → कोणी नाही

निरोप(प):
   अट   पैसे[प] = वाटेत
   बदल  पैसे[प] → जमा, खुर्ची → विकलेली,
        तिकिटं → तिकिटं + प
```

टीएलए प्लसमध्ये 'नंतरची किंमत' दाखवायला नावापुढे प्राइमची खूण देतात. एक गोष्ट पहिल्या दिवशी प्रत्येकाला नडते. जी किंमत बदलत नाही, तीही 'अनचेंज्ड' म्हणून प्रत्येक क्रियेत लिहावी लागते. राहिली, तर टीएलसी पुढची अवस्था अपुरी असल्याची तक्रार करून थांबतो. चिडू नका. न लिहिलेलं आपोआप तसंच राहतं ही प्रोग्रामरची सवय आहे, गणिताची नाही.

या क्रिया आळीपाळीने होत नाहीत. ज्या ज्या क्रियेची अट त्या क्षणी पुरी होते, तिच्यापैकी कुठलीही एक घडू शकते. तपासनीस प्रत्येक फांदीवर चढून बघतो.

पायरी ४: 'कधीच नाही' लिहा आणि चालवा

```
नियम १: तिकिटं या संचात जास्तीत जास्त एक जण
```

प्रत्येक अवस्थेत खरा राहायलाच हवा असा नियम म्हणजे इनव्हेरियंट. टीएलसीला तो दिला, बटण दाबलं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत लाल ओळी आल्या:

नाना धरतात. नाना पैसे पाठवतात. मुदत संपते. काकू धरतात. काकू पैसे पाठवतात. नानांचा निरोप येतो, तिकीट. काकूंचा निरोप येतो, तिकीट.

सात पायऱ्या. टीएलसी नेहमीच्या पद्धतीने चालवला तर थराथराने शोधत जातो, म्हणून हाती येणारी वाट सगळ्यांत छोटी असते. 'चुकलंय' एवढं सांगून तो थांबत नाही, कसं चुकलं त्याची पायरी न पायरी देतो. या सगळ्या खटाटोपातला निम्मा फायदा मला इथेच वाटतो.

पण हा माझा बग नव्हता. माझ्या कोडमध्ये निरोप आल्यावर तपासणी होती.

पायरी ५: दुरुस्ती करा, आणि दुरुस्तीवर संशय घ्या

पहिली दुरुस्ती सुचते ती अशी: निरोप आल्यावर खुर्ची अजून 'धरलेली' आहे का बघा. नियम १ हिरवा. मी आणखी एक नियम घातला:

```
नियम २: ज्याच्याकडे तिकीट, धारक तोच
```

पाच पायऱ्यांत लाल. नाना धरतात, पाठवतात, मुदत संपते, काकू धरतात, नानांचा निरोप येतो. खुर्ची धरलेलीच आहे, पण ती काकूंची. तिकीट मात्र नानांना. एकच नियम लिहिणाऱ्याला हे कधी दिसलं नसतं. तर मग:

```
निरोप(प):
   अट   पैसे[प] = वाटेत
   जर   खुर्ची = धरलेली आणि धारक = प
        → जमा, विकलेली, तिकिटं + प
   नाहीतर
        → पैसे[प] परत
```

दोन्ही नियम हिरवे. माझं कोड हुबेहूब असंच होतं. म्हणजे मॉडेल म्हणतं बरोबर, आणि ई-११ वर दोन माणसं. त्या रात्री दहा पंचवीसची कर्जत लोकल पकडायची होती, ती सोडली.

पायरी ६: पायरी केवढी आहे?

या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

मॉडेलमध्ये 'निरोप' ही एक क्रिया आहे. एक क्रिया म्हणजे मध्ये कोणीच येऊ शकत नाही. काकांची पेन्सिल अशीच होती: डोळ्यांनी बघणं आणि फुली मारणं एका दमात. पण कोडमध्ये ती खरंच एक क्रिया आहे का? मी फाइल उघडून ओळी मोजल्या. डेटाबेसमधून खुर्ची वाचली. मग, जास्तीची खबरदारी म्हणून, पेमेंट कंपनीला 'खरंच पैसे आले ना?' असं विचारलं. उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारलं, तीनदा. आणि मग खुर्ची विकलेली लिहिली. वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये, नेटवर्क वाईट असेल तर, काही मिनिटं. तेवढ्यात दादरहून माटुंगा गाठता येईल.

म्हणून मॉडेलमधली क्रिया फोडली:

```
पाहा(प): पैसे वाटेत असतील तर
   खुर्ची धरलेली आणि धारक = प → मत[प] = होकार
   नाहीतर → मत[प] = नकार

लिही(प): मत[प] = होकार असेल तर
   जमा, विकलेली, तिकिटं + प
   मत[प] = नकार असेल तर पैसे परत
```

नियम २ पाच पायऱ्यांत मोडला. तो बाजूला ठेवून फक्त नियम १ चालवला, तर नऊ पायऱ्यांची वाट आली:

```
१ धर(नाना)
२ पाठव(नाना)
३ पाहा(नाना)   होकार
४ मुदत
५ धर(काकू)
६ पाठव(काकू)
७ पाहा(काकू)   होकार
८ लिही(नाना)   तिकीट
९ लिही(काकू)   तिकीट
```

आठवी आणि नववी ओळ बघून मी त्या रविवारचा लॉग उघडला. त्यातल्या वेळा या क्रमाला चपखल बसत होत्या. तीन आठवडे मी टेस्टमध्ये गर्दी वाढवत होतो, आणि बगला गर्दी नकोच होती. दोन माणसं आणि एक रखडलेला कॉल बस होता.

दुरुस्तीत 'ट्रान्झॅक्शन लावा' एवढ्याने भागत नाही. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती अलग ठेवायची याची न सांगता मिळणारी पातळी रीड कमिटेड, म्हणजे पक्कं झालेलंच वाचायचं, अशी असते. त्या पातळीवर दोन ट्रान्झॅक्शन एकच ओळ वाचून, दोन्ही होकार धरून, एकामागून एक लिहू शकतात. शिवाय नेटवर्क कॉल संपेपर्यंत ट्रान्झॅक्शन उघडं ठेवणं म्हणजे दुसरंच दुखणं. मी बघणं आणि लिहिणं एकाच अपडेटमध्ये आणलं: 'ही ओळ विकलेली कर, पण ती अजून धरलेली असेल आणि धारक नाना असेल तरच'. मग किती ओळी बदलल्या ते विचारायचं. एक, तर तिकीट. शून्य, तर परतावा. पेमेंट कंपनीला विचारायचं ते या अपडेटच्या आधी. ही एक ओळ म्हणजे डेटाबेसमधली पेन्सिल, आणि आता मॉडेलमधली न फोडलेली 'निरोप' क्रिया कोडशी खरोखर जुळते.

प्रत्येक क्रियेला हाच प्रश्न विचारा: मी हिला एक म्हणतोय, ती कोडमध्ये कशामुळे एक आहे? लॉक, अटीवरचं अपडेट, एकच धागा (थ्रेड), काहीतरी नेमकं उत्तर हवं. 'एवढ्या वेळात कोण मध्ये येतंय' हे उत्तर नाही.

पायरी ७: जग जरा वाईट करा

आतापर्यंत निरोप एकदाच आणि नक्की येत होता. पेमेंटचे निरोप साधारणपणे 'निदान एकदा' या बोलीवर येतात. तुमच्या सर्व्हरने पोच दिली नाही तर तोच निरोप पुन्हा. म्हणून 'निरोप' क्रियेची अट सैल केली: एकदा पाठवलेल्या पैशांचा निरोप कितीही वेळा येऊ दे. नवा नियमही लिहिला: एकाच माणसाला तिकीट आणि परतावा दोन्ही मिळू नयेत.

चार पायऱ्या. नाना धरतात, पाठवतात, निरोप येतो, तिकीट. तोच निरोप पुन्हा येतो. खुर्ची आता 'धरलेली' नाही, 'विकलेली' आहे, म्हणून आमची नवी कोरी, अभिमानाची 'नाहीतर परत' ही ओळ चालते. नाना नाटकही बघणार आणि पैसेही परत घेणार! हे मला नवं कोड चालू करायच्या आधी कळलं, म्हणून हसू आलं. उपाय सरळ आहे. पेमेंटच्या क्रमांकाचा निकाल लागलेला असेल तर निरोपाची नुसती पोच देऊन गप्प बसायचं.

मग निरोप हरवण्याची क्रियाही घातली. सेफ्टीचे सगळे नियम टिकले. हरवलेल्या निरोपाने दोन तिकिटं कशी निघणार? पण काकांचा तो प्रश्न आता वर आला.

पायरी ८: 'कधीतरी' लिहा

```
पैसे[प] = वाटेत, तर पुढे कधीतरी
   प ला तिकीट किंवा पैसे[प] = परत
```

हे चालवलं की पहिला धक्का बसतो: टीएलसी दाखवतो की नानांनी पैसे पाठवले आणि नंतर सिस्टिम नुसती बसून राहिली, कायमची. गणिताच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. क्रिया घडू शकते असं तुम्ही म्हणालात, घडेलच असं नाही. ते सांगायला फेअरनेस.

वीक फेअरनेस म्हणजे एखादी क्रिया सतत शक्य राहिली तर ती कधीतरी होईलच. गाडी फलाटावर थांबलेली, दार रिकामं, आणि रिकामंच राहतंय, तर तुम्ही चढालच. स्ट्राँग फेअरनेस म्हणजे क्रिया पुन्हा पुन्हा शक्य होत असेल, मध्ये मध्ये बंद होत असली तरी, ती कधीतरी होईल. दर लोकलला दारात क्षणभर फट दिसते आणि बुजते, तरी एक ना एक दिवस तुम्ही आत. सकाळी साडेआठला दादरला स्ट्राँग फेअरनेस गृहीत धरणारा माणूस बाहेरगावचा समजावा. फेअरनेस ही तुम्ही जगाकडून मागितलेली सवलत आहे. ती कमीत कमी मागा, आणि मागितली तर ती कोण पुरवणार ते लिहून ठेवा. प्रेक्षकाच्या क्रियांवर तर ती मुळीच लावू नका. माणूस खुर्ची धरून चहाला जाऊ शकतो.

निरोप हरवू शकतो म्हटल्यावर, आलेल्या निरोपावर फेअरनेस लावूनही नियम लालच राहिला. पैसे कायम वाटेत. मग 'ताळा' नावाची क्रिया घातली: वाटेत असलेल्या प्रत्येक पेमेंटची आपणहून चौकशी करून निकाल लावायचा. तिच्यावर वीक फेअरनेस, आणि ती पुरवणार दर पाच मिनिटांनी धावणारा जॉब. हिरवं.

पायरी ९: हिरव्यावर विश्वास ठेवू नका

तपासनीस हिरवा झाला याचं सगळ्यांत सोपं कारण म्हणजे तुमच्या मॉडेलमध्ये काहीच घडत नाही. एखादी अट इतकी कडक लिहिली गेली की तिकीटच निघू शकत नाही, तर सगळे सेफ्टी नियम आपोआप खरे. म्हणून मी मुद्दाम खोटा नियम लिहितो: 'कोणालाच कधी तिकीट मिळत नाही'. तो मोडलाच पाहिजे. तसंच 'कोणालाच परतावा मिळत नाही'. तोही मोडायला हवा. नाही मोडला तर मॉडेल आजारी आहे. मग धारकाची तपासणी काढून बघायची, ताळा बंद करून बघायचा. प्रत्येक वेळी लाल दिसलं पाहिजे.

उलट एक लाल असा असतो ज्यात चूक नसते. खुर्ची विकली गेली, सगळे पैसे जागेवर, पुढे काही घडायचं उरलं नाही. टीएलसी त्याला डेडलॉक म्हणतो, आम्ही हाउसफुल्ल म्हणतो. 'सगळं संपलं, आता तसंच राहा' अशी एक क्रिया अशा शेवटासाठी घाला. डेडलॉकची तपासणीच बंद करण्याचा मोह टाळा, एक दिवस खरा डेडलॉक तिथे लपेल.

पायरी १०: आकडे फुगतात तेव्हा

पायरी ३ च्या मॉडेलमध्ये कागदावर ३ × ३ × ४ × ४ × ४ म्हणजे ५७६ जुळण्या होतात. प्रत्यक्ष पोहोचता येतील अशा त्याहून बऱ्याच कमी. पण दहा खुर्च्या घ्या. नुसती खुर्चीची अवस्था आणि धारक धरले तरी ९ चा दहावा घात, ३४८ कोटींच्या वर. म्हणून छाटणी. माझ्या अनुभवात दोन प्रेक्षकांत दिसत नाही आणि तिघांत दिसतं असे दोष असतात, चौघांची वाट पाहणारे विरळा. दोनवर सुरू करा, तीनवर संपवा, आणि तिघांची तपासणी रात्री जाताना लावून जा.

प्रेक्षकांची अदलाबदल केली तरी फरक पडत नसेल तर टीएलसीला तशी सममिती सांगता येते, अवस्था बऱ्याच घटतात. लाइव्हनेस तपासताना मात्र ती काढून टाका, नाहीतर खरे दोष सुटू शकतात. ही चूक मी एकदा केली आहे.

एवढ्या छोट्या मॉडेलमधून काय सापडणार असं वाटत असेल तर: ॲमेझॉनच्या इंजिनिअरांनी २०१५ मध्ये लिहिलं आहे की डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेसमधल्या एका दोषाची सगळ्यांत छोटी वाट ३५ पायऱ्यांची होती, आणि ती टीएलए प्लसने शोधली. ३५ पायऱ्या डोक्यात धरून फळ्यासमोर उभा राहणारा माणूस मी पाहिलेला नाही.

दुसरी हत्यारं

निरोपांची देवाणघेवाण हाच गाभा असेल तर स्पिन बघा. बेल लॅब्जमध्ये होल्झमन यांनी त्याचं काम १९८० मध्ये सुरू केलं, आणि त्याची प्रोमेला भाषा सी येणाऱ्याला लवकर जमते. अवस्थांपेक्षा नातेसंबंध गुंतागुंतीचे असतील, उदाहरणार्थ कोणाला कशाची परवानगी, तर अलॉय. मॉडेल चेकर ठरावीक आकारापुरतंच बोलतो. कितीही प्रेक्षकांसाठी सिद्धता हवी असेल तर इसाबेल किंवा कॉक (आताचं नाव रॉक) यांसारखे सिद्धता सहाय्यक, आणि महिने. पॅरिसची चालकाविना धावणारी १४ नंबरची मेट्रो १९९८ मध्ये सुरू झाली. तिच्या सुरक्षेचं सॉफ्टवेअर 'बी' नावाच्या गणिती पद्धतीने सिद्ध करून बनवलं होतं. तिथे ते परवडतं, खुर्चीच्या तिकिटाला परवडत नाही. मुंबईत शिकायचं तर पवईला आयआयटीत या विषयाचं स्वतंत्र केंद्र आहे.

पायरी ११: कोडकडे परत

मॉडेल तपासलं म्हणजे कोड तपासलं असं नाही. या दोघांमधली दरी बुजवायला मी तीन गोष्टी करतो. अवस्थांची नावं दोन्हीकडे तीच ठेवतो. मॉडेलमध्ये 'धरलेली' तर डेटाबेसमध्येही तोच शब्द, 'स्टेटस तीन' नाही. प्रत्येक क्रियेच्या वर कोडमध्ये एक ओळ लिहितो: ही मॉडेलमधली अमुक क्रिया, आणि ती अमुक कारणाने अखंड आहे. कोणी नवा आला आणि मध्ये नेटवर्क कॉल घालायला निघाला की त्या ओळीशी त्याची गाठ पडते. आणि तपासनिसाने दिलेली प्रत्येक लाल वाट टेस्ट बनते. गर्दी सोडायची नाही, तर 'पाहा' नंतर कोड मुद्दाम अडवून धरायचं, मुदत संपवायची, काकूंना आणायचं, मग सोडायचं. जी टेस्ट तीन आठवडे रात्रभर चालूनही लाल झाली नव्हती, ती आता जुन्या कोडवर दर वेळी लाल होते, पाव सेकंदात.

मॉडेलची फाइल कोडच्याच रेपोमध्ये ठेवा. नियम बदलला की आधी ती बदला. आमच्याकडे गेल्या महिन्यात ग्रुप बुकिंग आलं, दहा खुर्च्या एकदम धरायच्या. मी दोन खुर्च्या आणि दोन प्रेक्षक घेतले. नानांनी पहिली धरली, काकूंनी दुसरी, आणि दोघेही एकमेकांच्या खुर्चीची वाट बघत बसले. मुदत संपली की दोघेही सोडणार आणि पुन्हा तेच. उपाय काकांकडेच मागितला. ते म्हणाले, "ग्रुपच्या खुर्च्या आम्ही नेहमी डावीकडून मारत यायचो." म्हणजे सगळ्यांनी एकाच क्रमाने धरायचं. तो क्रम मॉडेलमध्ये घातला आणि तीन प्रेक्षकांवर चालवत ठेवून मी लोकल पकडली.